सूर्याची वेळ आणि पाण्याची वेळ : किनाऱ्यावरच्या छायाचित्रणाचे अनुभव

प्रवासात समुद्रकिनाऱ्यावर सूर्योदयाची किंवा सूर्यास्ताची छायाचित्रे काढणाऱ्या ठाणे आणि नवी मुंबईतल्या मंडळींनी आपापले अनुभव येथे लिहावेत, अशी विनंती आहे. कॅमेरा कोणता आणि लेन्स कोणती याची चर्चा एरवी पुष्कळ होते, त्यामुळे ती येथे थोडक्यात आटोपली तरी चालेल. छायाचित्र फसले असेल तर ते का फसले, साधले असेल तर त्या वेळी पाणी, वारा आणि ढग कसे होते, हे मात्र सविस्तर यावे. सुरुवात माझ्याच फजितीने करतो.

नौपाडा, ठाणे

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही दोघे मित्र गेटवेहून मांडव्याची बोट धरून अलिबागला गेलो. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, एवढे पाहून बाकीचा बेत ठरवला होता. कुलाबा किल्ल्याला ओहोटीच्या वेळी पायी जाता येते हे ऐकून माहीत होते, आणि दुपारी साडेतीनला पोटरीभर पाण्यातून आम्ही खरोखरच चालत गेलो. तटाबाहेरच्या खडकांवर जागा हेरली, ट्रायपॉड उभा केला आणि उन्हाचा रंग पिवळा होण्याची वाट पाहत बसलो. सव्वापाचला एका घोडागाडीवाल्याने लांबूनच हाक मारली, "आता निघताय, की रात्र इथेच काढताय?" मागे वळून पाहिले तर आलो होतो ती वाट नाहीशी झालेली होती. परत येताना पाणी कमरेच्या वर होते, ट्रायपॉड खांद्यावर होता आणि लेन्सची पिशवी डोक्यावर. सूर्यास्त आम्ही पाहिला तो किनाऱ्यावर विजार पिळत, आणि त्या दिवसाचे माझ्याकडे असलेले एकमेव बरे छायाचित्र डोक्यावर पिशवी घेतलेल्या मित्राचे आहे.

रात्री घरी पोहोचलो तेव्हा आईने उरलेली साबुदाण्याची खिचडी पुढे केली, त्यावरून त्या दिवशी एकादशी होती हे कळले. तिचा आणि समुद्राच्या पाण्याचा काही संबंध असेल, असे तेव्हा मनातही आले नाही.

कोपरी, ठाणे पूर्व

वरील अनुभव वाचून हसू आले, कारण माझे बालपण चेंदणी कोळीवाड्यात गेले आहे आणि आमच्या आजीने एकादशीच्या दिवशी कोणालाही तिन्हीसांजेला कुलाबा किल्ल्यात थांबू दिले नसते. तिला घड्याळ नीट वाचता येत नव्हते, पण भरतीची वेळ ती बोटांवर मोजून सांगत असे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की साधारण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता पाणी भरते. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, आणि वेळ दिवसाची असो वा रात्रीची. भरतीपासून सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. एकादशीला भरती सव्वाआठच्या आसपास येते, म्हणजे ओहोटी दोनच्या सुमारास संपलेली असते. साडेतीनला चालत जाणाऱ्याला वाट मिळते खरी, पण त्या वेळी पाणी चढू लागलेले असते. शिवाय दशमी-एकादशीच्या सुमारास भांगेचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असण्याचे, दिवस नुकतेच सरलेले असतात, त्यामुळे पाणी पुरते मागे हटतच नाही. पोटरीभर पाण्यातून जावे लागले, हीच खरे तर पहिली सूचना होती.

छायाचित्रे काढायला लागल्यावर हे गणित मला नव्याने उमगले. पौर्णिमा आणि अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, म्हणून त्या दिवसांत सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास नेमकी ओहोटी असते, आणि तीही उधाणाची, म्हणजे पाणी सर्वांत दूर गेलेली. ज्यांना ओल्या वाळूत आकाशाचे प्रतिबिंब हवे आहे किंवा एरवी बुडालेले खडक उघडे हवे आहेत, त्यांनी हे दिवस धरावेत. ज्यांना तटाच्या पायथ्याला भिडलेले पाणी हवे आहे, त्यांच्यासाठी अष्टमीच्या आगेमागेचा दिवस बरा. मात्र ते भांगेचे पाणी असल्यामुळे भरती असूनही त्याला फारसा जोर नसतो. उधाणाच्या लाटा आणि सूर्यास्त हे दोन्ही एकाच चौकटीत हवे असल्याचा हट्ट आपल्या किनाऱ्यावर बहुधा पुरा होत नाही. हा ठोकताळा आहे, त्यामुळे खडकांत किंवा किल्ल्यात जायचे असेल तर छापील भरती-कोष्टक पाहावेच. आमच्या मीठबंदरासारख्या खाडीच्या आतल्या जागी पाणी खुल्या समुद्रापेक्षा थोडे उशिरा चढते, हेही धरावे.

ऐरोली

कोपरीच्या ताईंनी "आपल्या किनाऱ्यावर" हे शब्द वापरले ते योग्यच आहे, याचा अनुभव मी ओडिशात घेतला. कार्यालयाच्या कामानिमित्त बालेश्वरला गेलो असताना एक सकाळ मोकळी मिळाली. पश्चिम किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला समुद्रातून वर येणाऱ्या सूर्याचे अप्रूप असतेच. म्हणून पहाटे रिक्षा ठरवून चांदीपूरच्या किनाऱ्यावर गेलो. उजेड अडवणारा सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, कॅमेऱ्याला हात न लावता बटण दाबणारी केबल रिलीज, सगळी तयारी होती, कारण मनात चित्र होते ते रेशमासारख्या पाण्याचे आणि त्यातून वर येणाऱ्या बिंबाचे. उजाडू लागले तेव्हा समोर समुद्रच नव्हता.

चांदीपूरचा किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी काही किलोमीटर मागे जाते, हे मी आधी कुठेतरी वाचलेलेही होते, पण त्याचा अर्थ डोळ्यांनी पाहीपर्यंत कळला नव्हता. प्रत्येक बंदराचे भरतीचे वेळापत्रक निराळे असते, त्यामुळे आपले पाऊणपटीचे गणित तिथे उपयोगाचे नव्हते. दहा-पंधरा मिनिटे मी नुसता चिडून उभा होतो. मग खांद्याला टोपली लावून चिखलातून चालत जाणारी माणसे दिसली आणि लक्षात आले की पाणी जाताना वाळूवर जी नक्षी ठेवून गेले आहे, तिच्या प्रत्येक वळीत पाण्याची एकेक रेघ साचलेली आहे. ट्रायपॉडचे पाय पूर्ण पसरून कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला. सूर्य क्षितिजाच्या वर दोन बोटे आला, तेव्हा प्रत्येक वळीची एक बाजू केशरी आणि दुसरी निळी झाली होती. निळा रंग डोक्यावरच्या आकाशाचा होता. त्या वेळी कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचा समतोल, ऑटोवर असता तर त्याने हा फरक पुसून टाकला असता. मी तो सूर्यप्रकाशावर ठेवला होता तो केवळ सवयीने. फिल्टर पिशवीतून बाहेर आलाच नाही.

वाशी

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे आणि माझा प्रवास बहुतेक वेळा इथल्या खाडीकाठच्या सागर विहारपर्यंतचाच असतो, त्यामुळे हा अनुभव छोटा आहे. वाशी खाडीच्या पूर्वेला असल्यामुळे आम्हाला सूर्यास्त पाण्यावर मिळतो. पलीकडे ठाणे पूर्वेला राहणाऱ्यांच्या वाट्याला पाण्यापलीकडचा सूर्योदय येतो. हिवाळ्यात धुरकट हवेमुळे सूर्य मावळण्याच्या बराच आधी लाल आणि निस्तेज होतो, आणि कित्येकदा क्षितिजाला टेकण्याआधीच विरून जातो. पडद्यावर सूर्याच्या शेजारच्या आकाशाला बोट लावून उजेड कमी केला आणि तो तसाच लॉक केला, तरच बिंब गोल येते, नाहीतर पांढरा डाग उरतो. गणेशोत्सवानंतर पाऊस ओसरतो तेव्हा धुतलेल्या हवेत मिळणारे रंग डिसेंबरपेक्षा कितीतरी चांगले असतात, असे माझे मत आहे.

कोपरखैरणे

मी शाळेत भूगोल शिकवते. कोकणात सूर्योदयाच्या वेळी किनाऱ्यावर जाण्यात अर्थ नाही, कारण सूर्य डोंगरामागून येतो, हे मी इतक्यांदा ऐकले आहे की त्यावर थोडे सविस्तर लिहिते.

दापोलीजवळ हर्णैला मागच्या फेब्रुवारीत आम्ही सुवर्णदुर्गासमोर पहाटे उभे होतो. बरोबरची मंडळी पूर्वेकडे तोंड करून सूर्याची वाट पाहत होती आणि मी पश्चिमेकडे, समुद्राकडे पाहत होते. सूर्योदयापूर्वी पश्चिम क्षितिजालगत राखाडी-निळ्या रंगाचा एक आडवा पट्टा दिसतो. पुष्कळांना तो ढग किंवा धुके वाटतो. वास्तविक ती पृथ्वीची स्वतःची, वातावरणावर पडलेली सावली असते. तिच्या वर गुलाबी पट्टा असतो, आणि पूर्वेला सूर्य जसजसा क्षितिजाजवळ येतो तसतशी ही सावली समुद्रात खाली उतरत जाते. सगळा खेळ पंधरा-वीस मिनिटांचा असतो. हवा स्वच्छ असेल तरच दोन्ही पट्टे वेगळे दिसतात. त्या गुलाबी पट्ट्यासमोर किल्ल्याचा तट अगदी सपाट, कागदातून कापल्यासारखा दिसत होता. पंचांगातल्या सूर्योदयानंतर दहा-बारा मिनिटांनी सूर्याने मागचा डोंगर ओलांडला आणि तटाचे दगड एकदम तांबूस झाले. बुरुजांच्या सांध्यांत उगवलेली झुडपेसुद्धा मोजता येतील इतके ते ऊन तिरपे होते. संध्याकाळी याच किल्ल्यामागे सूर्य मावळतो, तेव्हा किल्ल्याची नुसती काळी आकृती मिळते. ती सुंदर असते, पण ती सगळ्यांकडे असते.

सूर्यास्ताच्या बाबतीतही लोक घाई करतात, असे मला वाटते. क्षितिजाला टेकल्यापासून बिंब दिसेनासे होईपर्यंत आपल्या अक्षांशावर जेमतेम सव्वादोन ते अडीच मिनिटे जातात, आणि तेवढे झाले की किनारा रिकामा होऊ लागतो. वर ढग असतील तर त्यांना खालून रंग चढतो तो त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत. भेळवाल्याची गर्दी ओसरलेली असते, हा आणखी एक फायदा.

नेरूळ

लेन्सवर धुके येण्याचा त्रास कोणी लिहिलेला दिसत नाही, म्हणून लिहितो. गुहागरला वातानुकूलित खोलीतून पहाटे कॅमेरा थेट बाहेर काढला, तेव्हा पुढच्या काचेवर बाष्प जमले. पुसले की पुन्हा जमायचे. पंचवीस मिनिटे त्यातच गेली आणि मधल्या काळात आकाशाने जे काही करायचे होते ते करून घेतले. आता बंद पिशवीतला कॅमेरा रात्रीच खोलीबाहेरच्या पडवीत ठेवतो.

दुसरी चूक महागात पडली. लाटांचे तुषार फिल्टरवर वाळले होते आणि मी ते कोरड्या रुमालाने पुसले. वाळलेले मीठ काचेवर घासले गेले आणि जे बारीक ओरखडे उठले ते सूर्य समोर असताना अजूनही चमकतात. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने मीठ विरघळवावे आणि मगच पुसावे. ट्रायपॉडचे पायही त्याच रात्री गोड्या पाण्याखाली धरावेत, नाहीतर पुढच्या सहलीला सांधे करकरतात. वाळूत ट्रायपॉड उभा करताना त्याचे पाय आधीच जोर देऊन रुतवावेत. लाट परत फिरताना पायाखालची वाळू नेते, कॅमेरा केसभर खचतो आणि एक सेकंदाचे प्रत्येक छायाचित्र हलते. माझी अशी चाळीस छायाचित्रे आहेत आणि ती कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळी उत्तम दिसत होती.

घणसोली

आम्ही मुलीला घेऊन मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांची पिल्ले पाहायला गेलो होतो. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले तिथे सकाळी आणि संध्याकाळी समुद्राकडे सोडतात, म्हणजे नेमका छायाचित्रकारांना हवा असलेला उजेड. पिल्ले उजळ दिसणाऱ्या दिशेने चालतात, आणि मोकळ्या किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते. म्हणून फ्लॅश किंवा विजेरी वापरायची नाही, हे कार्यकर्ते आधीच बजावून सांगतात. दोरीच्या अलीकडे पोटावर आडवी होऊन मी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, वाढवत राहिले. एका पिल्लाने वाळूवर उमटवलेली बारीक, दुपदरी माग आणि तिच्या टोकाला ओल्या वाळूतला मावळतीचा उजेड, एवढे एक छायाचित्र जमले. पिल्लू त्यात नाही. माझ्या कोपरामुळे शेजारच्या काकांच्या छायाचित्रात मी मात्र आहे, असे त्यांनी नंतर जरा रागानेच सांगितले.

कळवा

मी नुकताच कॅमेरा घेतला आहे आणि हरिहरेश्वरला जायचा विचार आहे. तिथल्या प्रदक्षिणा मार्गावरचे लाटांनी कोरलेले खडक संध्याकाळच्या उजेडात घ्यायचे आहेत. रजा अष्टमीच्या आसपास मिळते आहे. जावे का?

कोपरी, ठाणे पूर्व

अष्टमीला संध्याकाळी सहाच्या सुमारास तिथे भरती असेल, आणि तो मार्ग भरतीत चालण्याचा नाही. त्या खडकांवरून माणसे वाहून गेलेली आहेत. भांगेचे पाणी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रजा आठवडाभर पुढे ढकलता आली तर पौर्णिमेला किंवा अमावास्येला जावे, स्थानिकांना विचारूनच खाली उतरावे, आणि सूर्य बुडाला की रंगांची वाट न पाहता आधी वर यावे, कारण त्यानंतर पाणी फिरते आणि उजेडही नसतो. ते पंधरा मिनिटांचे रंग देवळाजवळून पाहिलेत तरी चालतील. रजा बदलत नसेल तर अष्टमीला किनाऱ्यावरच राहून भरतीचे पाणी घ्यावे आणि खडकांसाठी पुन्हा जावे. तोवर हात बसवायचा असेल तर येत्या पौर्णिमेला पहाटे साडेपाचला मीठबंदरावर यावे. होड्या चिखलात कलंडलेल्या असतात आणि पारसिकच्या डोंगरावरून सूर्य वर यायला अवकाश असतो. जुन्या चपला घालून यावे.