टोडस्टूल लेदर ९ दिवस मिटलेलं, वर मेणासारखी साय

प्रश्न (रत्नागिरी)
२०० लिटरची समुद्री टाकी, आत खरं पाणी १७० लिटर. टोडस्टूल (छत्रीसारखं मऊ लेदर कोरल, म्हणजे प्रवाळ) ९ दिवस उघडलेलं नाही, छत्रीवर चकचकीत साय, एका कडेला शेवाळ. तापमान २९, घनता १.०२१, नायट्रेट १०. पाणी भाट्याच्या किनाऱ्यावरचं, जूनअखेर बदललं. १० सेंटिमीटरवर सिन्युलारिया (दुसरं लेदर कोरल) आहे. सडलेला भाग कापू का?

उत्तर १
अजिबात कापू नका, हे सडणं नाही. लेदर कात टाकतं, तसंच शेवाळ झटकतं. आठवडा सहज जातो, कधी दोन. साय सुटत नाही ती बहुतेक वेळा प्रवाह कमी पडल्यामुळे. वेव्हमेकरचा (टाकीत प्रवाह करणारा पंप) झोत समोरच्या काचेवर सोडा, म्हणजे परतलेलं पाणी छत्रीवरून हलकं वाहील. सुटलेले पापुद्रे मोठ्या सिरिंजने उडवा, बोटाने खरवडू नका. दांडा टणक असेल तर थांबा. तपकिरी चिकट स्राव, घाण वास आणि बोट लावताच विरघळणारं मांस, हे दिसलं तरच सड समजायची.

उत्तर २
मूळ दुखणं पाण्यात आहे. भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते. आगोट लागली की तिथलं पाणी पातळ आणि गढूळ होतं. पावसाळाभर आरओ फिल्टरचं पाणी आणि रीफ सॉल्टच (समुद्री टाकीसाठीचं तयार मीठ) वापरा.

आता घनता चढवायची ती दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त नाही. रोज २० लिटर काढून १.०३० घनतेचं २० लिटर हळूहळू घाला. चार-पाच दिवसांत १.०२५ येईल. १.०३० च्या पाण्यासाठी लिटरला साधारण ४३ ग्रॅम मीठ लागतं, पण शब्द रिफ्रॅक्टोमीटरचाच (क्षारता मोजायचं उपकरण), आणि तोही ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग क्षार) द्रावणावर जुळवलेला. मीठ बादलीत पंप लावून एक दिवस विरघळवा. कोरडं मीठ टाकीत टाकलंत तर कोरल भाजेल.

२९ जास्तच आहे, २५-२६ हवं. पंखा उन्हाळ्यात कामाला येतो, पण जुलैच्या दमट हवेत बाष्पीभवन फारच कमी होतं, त्यामुळे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) किंवा खोलीचा एसी लागेल.

उत्तर ३
सिन्युलारियाकडे दुर्लक्ष नको. दोन्ही लेदर पाण्यात टर्पीन नावाची त्रासदायक रसायनं सोडतात आणि एकमेकांना दाबतात. किमान २० सेंटिमीटर अंतर ठेवा, सिन्युलारिया प्रवाहाच्या खालच्या बाजूला. एक वाटी सक्रिय कोळसा धुऊन जाळीच्या पिशवीत, पाणी त्यातून जाईल अशा जागी ठेवा. कात टाकताना दर १५ दिवसांनी बदला.

पुढे खरंच सड दिसली, तर हातमोजे आणि चष्मा घालून, टाकीच्या पाण्याच्या वेगळ्या बादलीत, धारदार ब्लेडने १ सेंटिमीटर निरोगी मांसासकट कापा. उरलेला निरोगी तुकडा सुपरग्लूने चिकटवू नका, चिकट स्रावामुळे तो सुटतो. खडकाच्या तुकड्यावर ठेवून वर सैल जाळी बांधा; दोनेक आठवड्यांत मूळ धरतं.