केव्हीएमचा कोड लिनक्स कर्नलमध्ये विखुरलेला का?

प्रश्न:
तीन आठवडे रोज रात्री जेवणं उरकली की लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचा, सोर्स कोड उघडून बसतोय. व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणं, मुळातून शिकायचंय. पण केव्हीएमचा (हे काम करणाऱ्या कर्नलच्या भागाचा) थोडा कोड ‘व्हर्ट/केव्हीएम’ फोल्डरमध्ये, बराचसा ‘आर्च/एक्स८६/केव्हीएम’मध्ये, वर ‘आर्च/एक्स८६/कर्नल’मध्ये केव्हीएम नावाची एक सी फाइल वेगळीच. सुरुवात कुठून करू?

उत्तर १:
ती वेगळी फाइल आधी बाजूला ठेवा. ती पाहुण्याची आहे, म्हणजे लिनक्स स्वतः व्हर्च्युअल मशीनच्या आत चालतो तेव्हाची. तुम्हाला यजमानाची, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या लिनक्सची, बाजू वाचायचीय. या नावाने माझ्याही दोन रात्री खाल्ल्या.

२००७ साली कर्नलच्या २.६.२० आवृत्तीत केव्हीएम आलं तेव्हा सगळं ‘ड्रायव्हर्स/केव्हीएम’मध्ये होतं. तेव्हा फक्त एक्स८६ (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) होतं. पुढे पॉवरपीसी, एस३९० असे वेगळ्या जातीचे प्रोसेसर येणार म्हटल्यावर २००८ मध्ये, २.६.२५ ला, घर वाटून घेतलं. मेमरी स्लॉट (पाहुण्याला दिलेल्या मेमरीचे तुकडे) सांभाळणं, व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) तयार करणं असं सामाईक काम ‘व्हर्ट’कडे, प्रोसेसरचं खास काम ‘आर्च’खाली. फार शहाणपणाची वाटणी आहे ही.

उत्तर २:
एकच धागा धरा: केव्हीएम_रन, म्हणजे पाहुण्याचा व्हीसीपीयू चालू करायची आज्ञा. हा आयओसीटीएल (प्रोग्रॅमने कर्नलला केलेली मागणी) ‘व्हर्ट’मधल्या केव्हीएम_मेन फाइलमध्ये येतो. तिथून पुढे नावात ‘केव्हीएम_आर्च’ दिसलं की उंबरठा ओलांडला समजा. त्यापुढे प्रोसेसरची स्वतःची व्हर्च्युअलायझेशनची सोय: इंटेल असेल तर व्हीएमएक्स, एएमडी असेल तर एसव्हीएम.

प्रश्नकर्ता:
सापडला उंबरठा! मी नेमका पाहुण्याच्याच फाइलमध्ये अडकलो होतो. मनापासून आभार.