परदेशी खरेदीदाराला जेवताना आग्रह करावा का?

रावेरचा_गडी

माझं मत आधीच सांगून टाकतो: करू नये. आणि हे फक्त भाकरीपुरतं नाही.

रावेर, यावल, सावदा पट्ट्यात केळी बघायला इराण, इराक, दुबईची मंडळी थेट बांधावर येतात. जळगावला ठिबक, पाइप, सुकवलेला कांदा यांच्या व्यवहारासाठी युरोपातले लोक येतात. ते आले की आपलं ठरलेलं. चौकात बॅनर, फेटा, शाल-श्रीफळ, फोटो, तो फोटो लगेच सगळ्यांच्या स्टेटसला, आणि मग जेवण. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, वरून शेवभाजीचा लाल तवंग. पाहुणा ताटावर आडवा हात धरतो आणि वाढणारा त्याच्या हाताखालून भाकरी सरकवतो. सगळे हसतात. पाहुणाही हसतो, काय करेल बिचारा!

डच माणूस दुपारी पावाचे दोन तुकडे खाऊन परत कामाला लागणारा. तो नको म्हणाला की त्याला खरोखर नको असतं. त्यावर आपण तिसऱ्यांदा वाढलं, तर त्याच्या मनात एवढंच येतं की इथे माझं कोणी ऐकत नाही. मग दराचं आणि तारखेचं तरी ऐकतील का? फोटोचंही तसंच. आपण माल कुणाकडून उचलतो हे त्याला आपल्या स्पर्धकाला कळू द्यायचं नसतं. विचारून टाका की! पटत नसेल तर बोला.

भरीत_पार्टी

नाही पटत. दादा, सगळं जग म्हणजे हॉलंड नाही. आपल्या केळीचा माल जास्त कुठल्या बाजूला जातो ते तुम्हीच लिहिलंय.

इराणी लोकांत तारोफ म्हणून रीत आहे. समोरच्याने काही पुढे केलं की आधी एकदा-दोनदा नाही म्हणायचं, त्याने पुन्हा म्हणायचं, मग घ्यायचं. तेहरानात आपण पैसे द्यायला गेलो की दुकानदारसुद्धा आधी 'राहू द्या' म्हणतो. तो काही फुकट देत नसतो, आपणच आग्रहाने पैसे हातात ठेवायचे असतात. अशा माणसाला तुम्ही एकदाच विचारून भांडं उचललंत, तर तो भुकेला उठेल आणि वर म्हणेल की यजमान कोरडा निघाला. आपल्याकडे नवा जावई तीनदा नको म्हणून चौथ्यांदा मांडा घेतोच ना, तसंच ते. उगाच युरोपचे नियम सगळ्यांना लावू नका.

आणि आपलं जेवण शाकाहारी असलं की हलालचा प्रश्नही मिटतो. फक्त रमजान आहे का ते आधी बघा. दिवसा ताट मांडून बसू नका, संध्याकाळी रोजा सोडायला बोलवा.

कागदपत्रं_मीच_बघते

दोघंही ताटातच अडकलात. मी निर्यातीच्या ऑफिसात आहे, मला दिसतं ते वेगळंच.

आखाती किंवा इराणी पाहुणा कित्येकदा बाईशी हात मिळवत नाही, छातीवर हात ठेवून मान झुकवतो. मी नमस्कार करते. विषय संपला, कुणाचा अपमान नाही. पण आपलेच एखादे काका मधून म्हणतात, "अहो, ताईंशी शेकहँड करा ना!" आता तो बिचारा अवघडतो आणि मीही.

याच्या उलट, युरोपातून बाई अधिकारी म्हणून येते. दर तीच ठरवणार असते. आपली मंडळी मात्र सगळं बोलणं तिच्यासोबतच्या तरुण पोराशी करतात, आणि तिला काय विचारतात? लग्न झालं का, मुलं किती. भाकरी एक जास्त वाढली तर माणूस विसरतो, हे विसरत नाही.

सराफ_गल्ली

भेटवस्तूंवर कुणीच बोललं नाही. जळगाव सोन्याचं गाव, म्हणून काही जण खूश होऊन पाहुण्याला अंगठी द्यायला निघतात. मुस्लिम पुरुष धर्माने सोनं घालत नाहीत, हे गल्लीत बसलेल्याला ठाऊक असायला हवं. युरोपात तर अनेक कंपन्यांत नोकरदाराला महागडी भेट घेताच येत नाही. ब्रिटनमध्ये २०१० सालचा लाचविरोधी कायदा आहे. साधं जेवण चालतं, पण ऑर्डरच्या आधी दिलेलं सोनं-चांदी म्हणजे त्याच्या नोकरीवर गदा. गावची केळी वेफर्स द्या, खुशाल घेईल.

बांधावरचा_आबा

पोरांनो, हे सगळं रिकामपण आहे. खरेदीदार तुमच्या फेट्यावर भाळत नाही आणि भाकरीवर रुसत नाही. तो घडाला फण्या किती, सालीवर डाग किती ते बघतो. १३ किलोच्या बॉक्समध्ये माल एकसारखा हवा, कंटेनर १३ ते १४ अंशांवर राहायला हवा. त्याखाली गेला की साल काळवंडते, मग तुम्ही दोन्ही हातांनी व्हिजिटिंग कार्ड दिलं काय अन् एका हाताने दिलं काय. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते मालाला मिळालं, आपल्या बोलण्या-चालण्याला नाही.

रावेरचा_गडी

आबा, माल उत्तम असेपर्यंत तुमचं बरोबर. बिघडला की मग?

धुळ्याचा_दुबईत

आबांना मान देऊनच बोलतो. मी इथे माल घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो. तुमच्या कळण्याच्या भाकरीबद्दल इथे कुणी तक्रार करत नाही, उलट आठवण काढतात. तक्रार असते ती वेगळीच. "सोमवारी कंटेनर भरणार का?" असं विचारलं की आपल्याकडून एकच उत्तर येतं: "होऊन जाईल." पाऊस पडून कापणी थांबलेली असते, रीफर म्हणजे थंड कंटेनर मिळालेला नसतो, तरी होऊन जाईल. समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. इथला व्यापारी मात्र त्या भरवशावर पुढच्या दुकानदाराला शब्द देऊन बसतो. सोमवारी भरणार नसेल तर शनिवारीच सांगा, शिष्टाचार म्हणतात तो हाच.

बाकी छोट्या गोष्टी. अमिरातीत २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवारची झाली, शुक्रवारी अर्धा दिवस काम. सौदीत मात्र शुक्रवार-शनिवारच. शुक्रवारी दुपारी फोन लावून 'उचलत नाही' म्हणून चिडू नका. कुणाच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, कॉफी मिळाली तर कप उजव्या हातात धरा. थोडीशीच ओततात, पण कप रिकामा केला की पुन्हा ओततात. पुरे झाली की कप हलकेच डावी-उजवीकडे हलवून परत द्यायचा. हे ठाऊक नसलेले आपले एक पाहुणे संकोचाने पीतच राहिले होते, रात्रभर झोपले नाहीत म्हणे.

भरीत_पार्टी

म्हणजे आग्रह तिकडेही आहे, फक्त थांबवायची खूण ठरलेली आहे. दादा, बघा!

रावेरचा_गडी

बघितलं. खूण केली की ते थांबतात, आपण थांबत नाही. माझा मुद्दा तोच होता.

कागदपत्रं_मीच_बघते

आणि आबा, तुमच्या घरी पुढच्या आठवड्यात पाहुणे येतायत असं कळलं. त्यातली बाई खरेदीप्रमुख आहे. वयाने लहान दिसते म्हणून तिला स्वयंपाकघराकडे पाठवू नका.

बांधावरचा_आबा

तिला बागेतच नेतो. पण बेटा, घरातली जिजी ऐकायची नाही. ती वाढणारच.