विळा, खुरपं, सिकेटरचा गंज कसा काढावा?

मोसंबीबाग_जालना
दिवाळीपासून हत्यारं खताच्या पोत्यांशेजारी पडून होती. विळे-खुरप्यांवर लाल थर आलाय, फावड्याचे खवले निघतायत आणि सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) उघडतच नाही. ग्राइंडरला वायर ब्रश लावून सगळं एकदाच साफ करावं का? ठिबक धुवायला आणलेलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडही शिल्लक आहे.

काळी_कसदार
फावड्याला ग्राइंडर चालेल, डोळ्यांवर चष्मा लावून. विळ्याच्या धारेला मात्र नको. पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं, मग कितीही परजा, धार टिकत नाही.

हायड्रोक्लोरिकला हातच लावू नका. गंज झटक्यात जातो, पण फटीत उरलेलं क्लोराइड आठवड्याभरात दुप्पट गंज आणतं. नुसत्या वाफेनेही शेजारची हत्यारं गंजतात.

किराणा दुकानातलं सायट्रिक अ‍ॅसिड घ्या. आधी माती आणि तेलकटपणा भांड्यांच्या साबणाने काढा, नाहीतर गंज ठिकठिकाणी तसाच राहतो. १ लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम, प्लॅस्टिकच्याच बादलीत. पत्र्याच्या बादलीचं जस्त आधी खाल्लं जाईल. पातं बुडवा, लाकडी मूठ बाहेर ठेवा. तासातासाने काढून तारेच्या ब्रशने घासा. साधारण २ ते ६ तास लागतात. रात्रभर विसरलात तर गंजाखालचं चांगलं लोखंडही खरबरीत होतं.

बाहेर काढलं की १ लिटर पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा घालून त्यात ५ मिनिटं ठेवा, धुवा आणि लगेच पुसून उन्हात ठेवा, पातं हाताला गरम लागेपर्यंत. बहुतेकांचं इथेच बिघडतं. घासून उघडं पडलेलं लोखंड ओलं राहिलं तर चहा पिऊन येईपर्यंत त्यावर नारिंगी झाक धरते. गरम असतानाच तेलाचा हात फिरवा.

मोसंबीबाग_जालना
तेल कोणतं? घरी करडीचं आहे.

घाण्याचं_तेल
करडी आणि जवस, दोन्ही हवेत सुकणारी तेलं. खुरप्यावर अगदी पातळ पुसलं तर चालतं, पण सिकेटरच्या सांध्यात तेच चिकट होऊन बसतं. तिथे शिलाई मशीनचं तेल. जवसाचं दांड्याला लावा: पॉलिश पेपरने घासा, तेल चोळा, १५-२० मिनिटांनी जादाचं पुसून घ्या. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, सुकताना ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

गाडीचं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून लोक सर्रास फासतात. भाजीच्या वाफ्यात चालणाऱ्या खुरप्याला तरी ते नको.

काळी_कसदार
करडीचं बरोबर सांगितलं. आणि पोती तिथून हलवा, खरं दुखणं ते आहे. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि युरिया तर हवेतला ओलावा ओढतोच. दोन्ही मिळून पावसाळ्यात लोखंडाची वाट लावतात. हत्यारं भिंतीला खिळ्यावर टांगा, जमिनीला टेकू देऊ नका. काळी माती पात्यावर वाळली तरी आतून ओल धरून असते; काम संपल्याबरोबर लाकडाच्या चिपेने खरवडून काढायची. फावड्याला धारेची कड सोडून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) मारलं की पुरे.

मोसंबीबाग_जालना
सिकेटरचा नटच हलत नाही.

घाण्याचं_तेल
डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून सांध्यात थेंब सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी लाकडी ठोकळ्यावर ठेवून नटावर हलके ठोके द्या, मग पाना लावा. खोलल्यावर स्प्रिंग अ‍ॅसिडमध्ये टाकू नका, ठिसूळ होऊन तुटते. तिला ब्रश आणि तेलच. पाना घसरायला लागला तर जोर करू नका, नटाचे कोपरे गोल होतात. परत थेंब सोडा आणि एक दिवस थांबा.