.२२ च्या रिकाम्या पुंगळ्या घरी परत भरता येतील का?

उद्यमनगरचा लेथवाला

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. थोरली पोरगी सोळा वर्षांची. तीन वर्षं दुधाळीच्या रेंजवर दहा मीटर एअर रायफल मारते. आता कोच म्हणतात, पन्नास मीटर थ्री पोझिशनला घालूया, म्हणजे .२२ बोअरच्या रायफलनं गुडघ्यावर, पालथं (प्रोन) आणि उभं राहून (स्टँडिंग) मारायचं. आमच्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ मारून ब्राँझ घेतलं, तेव्हा आम्ही मशिनं बंद करून मोबाईल व्हाइसला टेकवून बघत होतो. त्या दिवसापासून पोरीच्या डोक्यात हाच इव्हेंट.

अडचण आहे गोळ्यांची. एअर रायफलच्या छर्ऱ्यांचा खर्च झेपत होता. .२२ च्या मॅच गोळ्यांचा भाव ऐकून घरी आलो ते जेवण गेलं नाही. सरावाला एका दिवसात शंभरभर गोळ्या संपतात आणि खाली पितळी पुंगळ्यांचा सडा पडतो. माझे आजोबा रानडुकरांसाठी परवान्याची बारा बोअर बाळगायचे, काडतुसं घरीच भरायचे. जुनी टोपी (दारू पेटवते ती) ठोकून काढायची, नवी बसवायची, दारू, पुठ्ठ्याचा डाट, छर्रे, वर परत पुठ्ठा. लहानपणी डाट कापून द्यायचं काम माझं होतं. त्यांचा पत्र्याचा डबा अजून माळ्यावर आहे. मी रोज दोन शतांश मिलिमीटरमध्ये काम करतो. डाय करून, शिसं ओतून .२२ भरता येईल का? जाणकारांनी स्पष्ट सांगावं.

सुभेदार (निवृत्त), कसबा बावडा

भाऊ, स्पष्टच सांगतो. नाही येणार. तुमचा हात कमी पडतो म्हणून नव्हे, .२२ ची घडणच तशी आहे.

उद्या रेंजवरून एक पुंगळी उचला आणि भिंगाखाली धरा. बारा बोअरच्या बुडाला मधोमध टोपी असते, ती ठोकली की निघते. .२२ च्या बुडाला मधे काहीच नाही. फायरिंग पिनचा ठसा दिसेल तो अगदी काठावर. पेटणारा मसाला त्या दुमडलेल्या काठाच्या आत, पोकळीत भरलेला असतो. कारखान्यात तो ओला असताना पुंगळी गरागरा फिरवून काठात पसरवतात. एकदा पिन बसली की तो काठ चेपला. तो सरळ करून आत पुन्हा मसाला भरणं घरी होण्यातलं काम नाही, आणि तो मसाला नुसत्या दाबानं फुटतो. मोठ्या बोअरच्या रायफलींत टोपी मधे असते, म्हणून परदेशात तीनशे मीटरवाले आणि शिकारी आपल्या गोळ्या स्वतः भरतात. आपल्याकडं काडतूस बनवायला शस्त्र कायदा १९५९ खाली वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना त्याला चालत नाही.

आता पैसे खरंच कुठं वाचतात ते ऐका. लॉट टेस्ट करा.

लॉट म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेली खेप. प्रत्येक बॉक्सवर लॉट नंबर असतो. कंपनी तीच, नाव तेच, लॉट वेगळा, की गोळी वेगळी. तुम्ही मशिनवाले, हिशेब सांगतो. मॅचची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम. वेग साधारण सेकंदाला ३२५ मीटर, मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला. पन्नास मीटर जाईतो ती बारा सेंटिमीटर खाली येते. एका गोळीचा वेग दहा मीटरनं कमी पडला, तर ती आणखी सात-आठ मिलिमीटर खाली बसते. टार्गेटवर एका रिंगची रुंदी ८ मिलिमीटर. म्हणजे पोरीनं ट्रिगर सोन्यासारखा सोडला तरी दहाचा नऊ होऊ शकतो. आणि ती रडत बसणार की माझंच चुकलं. हे मी पोरांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय, म्हणून एवढं लिहितोय.

माझ्या हाताखालच्या एका मुलाला राज्य स्पर्धेत असंच झालं. आदल्या रात्री उरलेल्या दोन लॉटच्या गोळ्या एकाच डबीत भरल्या होत्या. प्रोनला, जिथं त्याचा हात सगळ्यात पक्का, तिथंच उभी रांग पडली. डावी-उजवीकडं काही नाही, वर-खाली मात्र पसरलेलं. डबी तपासायला हवी होती मी. अजून सलतं.

तर तीन-चार लॉटचा एकेक बॉक्स घ्या. रायफल व्हाइसमध्ये धरता आली तर उत्तम (व्हाइस तुम्ही झकास बनवाल, हेच खरं तुमचं काम). सकाळी सातला, वारं सुटायच्या आत. ब्रँड बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका, कारण नळीत आधीच्या गोळीचं मेण असतं. मग दहा-दहाचे निदान दोन ग्रुप मारा, म्हणजे एकाच नेमावर दहा गोळ्या, आणि भोकं किती जवळ पडली ते मोजा. महाग तेच चांगलं असं नसतं, नळी सांगेल ते चांगलं. जो लॉट बसेल तो हंगामभर पुरेल एवढा उचला आणि मॅचसाठी राखा. सरावाला स्वस्तातली वापरा, स्टँडिंगला तर बिनधास्त. वजनानं गोळ्या निवडत बसणारे आहेत, मला त्यात वेळ घालवणं पटत नाही.

माळ्यावरच्या डब्याला हात लावू नका. जुन्या टोप्या आणि दारू असेल तर ठिणगी पुरते. पोलीस ठाण्यात कळवा, ते उतरवून नेतील.

गगनबावड्याचा

सुभेदारांच्या बोलण्याला एक जोड. दुकानात कुणी टोकाला भोक असलेली .२२ गोळी दाखवली तर घेऊ नका. ती बारीक शिकारीसाठीची, आत गेल्यावर फुलावी म्हणून केलेली. जनावर तळमळत पळू नये, जागीच पडावं, एवढाच तिचा उपयोग. माझे वडील मोठ्या रायफलीत सुद्धा रानडुकराला मऊ नाकाची आणि जाड कातड्याच्या जनावराला सबंध कवचाची असं वेगळं ठेवायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते सगळं संपलं, आणि संपलं ते बरं झालं. आज दारात गवा उभा राहिलेला बघायला मिळतो. कागदाला फक्त स्वच्छ भोक हवं, त्याला गोल नाकाची साधी शिशाचीच.

उद्यमनगरचा लेथवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय. व्हाइस केला, जबड्यांना चामडं लावलं. चार लॉट मारले. सगळ्यात महाग लॉटचा दहाचा ग्रुप कडेपासून कडेपर्यंत २३ मिलिमीटर. दोन नंबरच्या भावातल्याचा १६, आणि दुसऱ्यांदा मारला तरी १६. कॅलिपर पोरीनंच लावला. त्या लॉटचा नंबर तिनं वहीच्या पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून ठेवलाय. डबा पोलीस घेऊन गेले. आत टोप्यांच्या दोन डब्या निघाल्या, आणि तळाशी मी कापलेले डाट.