दोन वर्षं मी पण एक ओळ लिहिली नव्हती

ताई, आठ महिने काही सुचत नाही, आता मी लेखिका उरलेच नाही, असं तुम्ही लिहिलंय ते वाचून गलबलून आलं. मी पण यातनं गेलोय. पहाटे रंकाळ्याला चक्कर मारायची, येऊन वही उघडायची आणि मोबाईल चाळून उठायचं, रोज हेच.

सुटलो ते मामाच्या गुऱ्हाळावर. सुचावं म्हणून नव्हतो गेलो, माणसं कमी होती म्हणून मदतीला गेलेलो. तिथं गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा, काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटानं गोळी वळून बघायचा आणि अजून नाही म्हणून मान हलवायचा, खाली चुलवाणात एकजण चिपाडं सारतोय, धुरानं डोळे लालभडक, हे सगळं घरी येऊन जसंच्या तसं लिहून काढलं, कथा-बिथा काय नाही, नुसतं बघितलेलं. अर्धं पान झालं आणि मी रडलो बघा.

आपल्या वि. स. खांडेकरांची १९४२ च्या 'क्रौंचवध'नंतर दहा वर्षांहून जास्त काळ नवी कादंबरीच आली नव्हती. 'ययाति' त्यानंतरची, १९५९ ची! म्हणून तुमचं ते 'उरलेच नाही' मला अजिबात पटत नाही.

रोज हजार शब्द लिहाच असं कुणीतरी सुचवलंय, मला ते मानवलं नाही, उलट अपराधी वाटायचं. पण झोप, जेवण सुटलं असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, ते टाळू नका.