किनारा नियोजन शिकवायला प्राध्यापक कोण नेमावा?

पुळणवाट (धागाकर्ती)

महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, असं आपण शाळेत पाठ केलं. केंद्राच्या नव्या मोजणीत तो ८७७ किलोमीटरच्या वर गेलाय, कारण वळणं आणि खाचा आता बारकाईने मोजल्या गेल्या. या किनाऱ्याचा अभ्यास मात्र तुकड्यातुकड्यांत होतो. मासे शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात, खारजमिनी पनवेलच्या संशोधन केंद्रात, लाटा आणि वाळू गोव्यात दोनापावल्याला, नगररचना पुण्या-मुंबईत. उद्या कोकणातल्या एखाद्या विद्यापीठाने हे सगळं जोडून शिकवणारं पद काढलं, तर त्यावर कोण बसावं?

माझं मत स्पष्ट आहे. किनाऱ्यावर प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाला त्या कामाचे गुण मिळालेच पाहिजेत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाच्या चाळणीचा तक्ता आहे. पीएचडीला ३० गुण, शोधनिबंधांना १०, अध्यापनाच्या अनुभवाला १०. गावाच्या बैठकांत बसून ज्याने सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, नकाशा दुरुस्त करून घेतला, त्याला त्या कामाचे शून्य.

याने काय बिघडतं ते सांगते. सीआरझेडच्या किनारा व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा १:२५,००० प्रमाणात असतो. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. होड्या ओढायची जागा, जाळी सुकवायची जागा, पाखाडीतून पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, उतरणारी वाट, सगळं मिलिमीटर-दोन मिलिमीटरात. २०१९च्या सीआरझेड अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासूनचा बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणला. नकाशावर दोन मिलिमीटर! त्या दोन मिलिमीटरांत काय काय राहतं हे ज्याने डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तो विद्यार्थ्यांना काय दाखवणार?

सेटवाली

ताई, तळमळ कळते, पण तुमच्या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. मी सेट, म्हणजे राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा, पास आहे, पीएचडी आहे आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. निकष सैल झाले की पहिला फायदा ओळखीवाल्यांना होतो, हे आमच्यासारख्यांनी जवळून पाहिलंय. शोधनिबंध कुणीही उघडून वाचू शकतो. 'क्षेत्रकामाचा अनुभव' कोण तपासणार? संस्थेच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून आणल्या की झालं?

शिवाय तो तक्ता फक्त मुलाखतीला कोणाला बोलवायचं एवढंच ठरवतो. त्या नियमावलीप्रमाणे अंतिम निवड मुलाखतीवर. म्हणजे निवड समितीच्या हातात आधीच भरपूर मोकळीक आहे, तुम्ही ती आणखी वाढवताय. गाबीत, कोळी, खारवी, दालदी घरांतली मुलं आता कुठे पीएचडीपर्यंत पोचताहेत. त्यांच्या हातात कागदावर मोजता येणारे गुण हीच एक गोष्ट आहे. तीही काढून घेऊ नका.

नकाशाकार

दोघींचंही थोडं चुकतंय असं मला वाटतं. खरी अडचण विषयाच्या चौकटीत आहे. नियम म्हणतो, पदव्युत्तर पदवी संबंधित किंवा संलग्न विषयात हवी. किनारा नियोजनाला संलग्न काय? भूगोल, पर्यावरणशास्त्र, सागरविज्ञान, नगररचना? नगररचनेत यूजीसीची नेट ही पात्रता परीक्षा होतच नाही. विज्ञान शाखेत पद निघालं की एम. प्लॅन., म्हणजे नियोजनाची पदव्युत्तर पदवी, झालेला माणूस दारातच अडतो. वास्तुकलेकडे निघालं तर सागरविज्ञानवाला अडतो.

आणि पुळणवाट, नुसत्या अनुभवावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. धूपप्रतिबंधक बंधारा घातला की लाट त्यावर आपटून मागे फिरते, पायथ्याची वाळू उपसते, आणि बंधारा जिथे संपतो तिथून पुढची जमीन खायला लागते. हे गावात सगळ्यांना दिसतं. पण कुठे किती सरकेल, वाळू कुठून येते, नदीवर अडवलेल्या गाळाचा त्यात वाटा किती, याचं गणित शिकलेला माणूसच मांडू शकतो. एका पदात दोन माणसं शोधण्यापेक्षा पदंच दोन काढा. एक सागरविज्ञानाचं, एक नियोजनाचं, आणि अभ्यासक्रम एकत्र.

देवबागकर

मी मालवणजवळ देवबागला मासेमारी करतो, दोन खोल्या पर्यटकांना देतो. आमच्या एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या, मधे माडांची चिंचोळी पट्टी. दरवर्षी कुठलं ना कुठलं पथक येतं. येतत, इचारतत, जातत. पुढे काय जाला ता सांगूक कोण परत येणा नाय. पीएचडीवालेही तसेच आणि संस्थावालेही तसेच.

नकाशाकारांचं एक मान्य नाही. गणित मांडायला आकडे लागतात, आणि पावसाआधी पुळण किती होती, पावसानंतर किती उरली, हे आमच्या म्हाताऱ्यांना खुणांसकट माहीत असतं. ते कोणी लिहून घेतलेलं मी तरी पाहिलं नाही. मग तुमचं गणित कशावर उभं राहणार?

तिसवाडी

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे १९६६मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, विद्यापीठातही सागरविज्ञान आहे. इतकी विद्वान माणसं दारात असताना किनारा व्यवस्थापन आराखडा चेन्नईच्या संस्थेने केला. २०२१च्या जनसुनावणीत लोक चिडून बोलले, की खाझन जमिनी (बांध घालून खारं पाणी अडवलेली शेतं), वाळूच्या टेकड्या, मच्छीमारांच्या वस्त्या यात नीट आलेल्याच नाहीत. प्राध्यापक नेमले, उत्तम नेमले, आणि सरकारने त्यांना विचारलंच नाही तर? तुम्ही निकषांवर भांडताय, मला ते पद निघून काय बदलणार तेच समजत नाही.

पुळणवाट

तिसवाडी, तुमचा प्रश्न सगळ्यात जड आहे. माझं उत्तर एवढंच, की सुनावणीत आक्षेप घ्यायलाही तयारी लागते. भरतीरेषा कशी ठरवतात, गट नंबर नकाशावर कसा बसवायचा, हे येणारी चार मुलं प्रत्येक तालुक्यात असली तर आक्षेप नुसता नोंदवून घेऊन बाजूला ठेवता येत नाही. ती मुलं विद्यापीठाने तयार करायची. सरकार विचारेल तेव्हा विचारेल.

सेटवाली, वशिल्याची भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. म्हणून 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही पळवाट मलाही नको. २०२२पासून पदवीची अट न लावता तसे अनुभवी लोक घेता येतात, पण जास्तीत जास्त चार वर्षांसाठी, आणि मंजूर पदांच्या बाहेर, म्हणजे बिंदुनामावलीच्या, आरक्षित जागा ठरवणाऱ्या यादीच्याही, बाहेर. किनाऱ्याला हे अजिबात चालत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं, श्रीवर्धन-दापोलीच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वर्ष पुरं व्हायच्या आत, मे २०२१मध्ये, तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. त्या दोन वादळांच्या मधे एकाच पुळणीची मापं कोणी सलग घेतली असती तर आज केवढं शिकता आलं असतं! ते काम तासिका तत्त्वावरच्या माणसाकडून होणार नाही. त्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हेच माहीत नसतं. पद कायमच हवं, मंजूर हवं, आरक्षणासह हवं. क्षेत्रकामाचे गुण त्याच्या आत.

नकाशाकार, दोन पदं निघाली तर आनंदच आहे. पण एक मिळवताना दमछाक होते तिथे दोनाची वाट बघत एकही न निघणं मला परवडत नाही.

सेटवाली

कायम पदाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. गुणांबद्दल अजून नाही. क्षेत्रकाम धरायचंच असेल तर कोणत्या कामाला किती गुण हे जाहिरातीतच छापा, आणि उमेदवाराने दिलेले नकाशे, अहवाल, मापांच्या वह्या मुलाखतीआधी सगळ्यांना बघायला संकेतस्थळावर ठेवा. ज्या गावात काम केलं त्या ग्रामसभेला हरकत घेता आली पाहिजे. एवढं होणार नसेल तर माझा विरोध कायम धरा.

नकाशाकार

ग्रामसभेची हरकत ठीक, पण तिचे गुण नकोत. लॉज-हॉटेलवाल्यांचं वजन असलेल्या गावात बांधकामबंदीची रेषा प्रामाणिकपणे सांगणारा उमेदवार पहिला पडेल.

देवबागकर

हे खरं आहे, आमच्यातही ते होईल. तरी उमेदवाराला एकदा गावात उभा करा, विषय मराठीत मांडू दे, गुण तुमची समिती देईल. फक्त तारीख जून-जुलैतली घ्या. तेव्हा मासेमारी बंद असते, होड्या वर असतात, माणसं घरी भेटतात. एप्रिलात सभा लावलीत तर जे बोलायला हवेत ते सगळे दर्यात असतील.